साडेतीन सेकंदांची तसबीर

साउ-हिंगच्या नवऱ्याचा चेहरा जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि तोही साडेतीन सेकंदच. ‘काळ्या धक्क्याचे भाऊ’ या मारधाडपटात टोळीच्या दादाच्या अंत्यविधीचा प्रसंग आहे. पांढऱ्या फुलांत दादाची तसबीर, पुढे उदबत्त्यांचा धूर, आणि मग दोन टोळ्या एकमेकांवर तुटून पडतात. तसबिरीकडे बघायला कोणाला सवड? साउ-हिंगला मात्र सिनेमात दुसरं काही दिसतच नसे.

त्या काळी हाँगकाँगात असले सिनेमे दर आठवड्याला निघत आणि प्रत्येकात निदान एक तरी मयत असे. फुलांची चक्रं, मयताबरोबर जाळायचे कागदी घोडे, बादलीभर खोटं रक्त, हे सगळं साउ-हिंग करी. नवरा लुक कॅम-शिंग सेटवरचा सुतार. शेक पाक-तिम हा पडदे रंगवणारा त्याचा जिवलग. सगळं खोटं करता येई, अडायचं ते एका फोटोवर. जिवंत माणसाचा फोटो पांढऱ्या फुलांत ठेवायचा म्हणजे यमाला पत्ता कळवण्यासारखंच. म्हणून जो फोटो देईल त्याला शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट द्यायचं आणि चित्रीकरण संपलं की फोटो जाळून टाकायचा, अशी रीत.

‘काळ्या धक्क्याचे भाऊ’च्या वेळी कोणीच पुढे येईना. शिंग हसत म्हणाला, “माझा लावा. एवढं देखणं मयत असेल तर तिकिटाचे पैसे तरी वसूल होतील.”

“शब्द मागे घे रे,” शेक म्हणाला. “घरात बायको आहे तुझ्या.”

“तिनेच तर चक्र बांधलंय माझं. विचार, किती मन लावून बांधलंय.”

साउ-हिंगही तेव्हा हसली होती. ते हसणं तिने स्वतःला कधी माफ केलं नाही. त्याच हिवाळ्यात टेकडीवरच्या झोपड्यांना आग लागली आणि लग्नाच्या फोटोंसकट सगळं गेलं. पुढच्या वर्षी शिंग मावसभावाबरोबर चेउंग चाउ बेटावरच्या मासेमारी बोटीवर गेला, वादळ आलं, आणि बोटीची फळीसुद्धा परत आली नाही. चार वर्षांचा संसार आटोपला.

मग तिने सिनेमाची कॅसेट भाड्याने आणली, चित्र तिथे थांबवलं आणि टीव्हीच्या काचेचाच फोटो काढला. करडा धूर, काळे केस, मध्ये चेहऱ्याइतका उजेड. तो देव्हाऱ्यावर ठेवून दर प्रतिपदेला आणि पौर्णिमेला ती त्याच्यापुढे उदबत्ती लावी, भात आणि खारा मासा घालून वाफवलेलं डुकराचं मांस ठेवी. शिंगचा जीव की प्राण. मग लाकडाच्या दोन फाका टाकून कौल घेई, “जेवलास का?” दोन्ही फाका पालथ्या पडत. नाही. पुन्हा टाकल्या तरी नाही. सत्तावीस वर्षं हे असंच चाललं होतं. रुसलाय मेला, असं म्हणून ती ताटली उचले.

सिनेमाची जी जी आवृत्ती निघाली ती ती तिने घेतली. व्हीसीडीवर चेहऱ्याचे चौकोन झाले. डीव्हीडी काढणाऱ्या कोणा शहाण्याने उजेड इतका वाढवला होता की चेहऱ्याचा उकडलेला भात झाला. दरम्यान शा तिनच्या डोंगरावरच्या मठात शिंगच्या नावाच्या पाटीसाठी जागा मिळाली. राख नसली तरी चाले, पण पाटीवर चिनी मातीचा फोटो बसवायचा तर चेहरा स्पष्ट हवा होता. महिनाअखेरपर्यंत फोटो द्या, नाहीतर जागा पुढच्याला जाईल, असं कारकुनाने बजावलं. आणि त्याच महिन्यात मूळ फिल्म धुऊनपुसून काढलेली ब्ल्यू-रे बाजारात आली. साउ-हिंगला वाटलं, शिंगनेच ही तजवीज केली.

शाम शुई पो बाजारातल्या याउ नावाच्या दुकानदाराने भर दुपारी मोठ्या टीव्हीवर तबकडी लावली. “हिंगताई, नटाच्या नाकातले केस मोजता येतात बघा यात.”

“तसबिरीवर थांबव.”

त्याने थांबवलं. धूर आता धुरासारखा दिसत होता, त्याच्या मागचं सगळं लख्ख. फुलाच्या पाकळीवरचा तिने लावलेला डिंकसुद्धा चमकत होता. आणि चौकटीतून पातळ ओठांचा, रुंद कपाळाचा एक तरुण तिच्याकडे बघत होता. तो शिंग नव्हता. तो शेक होता. महिन्यातून एकदा तिच्यासमोर बसून चहा पिणारा, टक्कल पडलेला, हयात असलेला शेक.

“काय झालं, ताई? डाग आहे का? बदलून देतो.”

“डाग नाही,” ती म्हणाली. सत्तावीस वर्षं तिने एका जिवंत माणसाला नैवेद्य दाखवला होता. आणि ज्याला दाखवायचा, तो?

त्या दिवशी पौर्णिमाच होती. देव्हाऱ्यापुढे तिने सकाळीच उदबत्ती लावली होती. ती तशीच शेकच्या घरी गेली. चोवीस वर्षं मकाउला काढून तो तीन वर्षांमागे परतला होता आणि नगाउ ताउ कोक वस्तीतल्या एका खोलीत एकटाच राही. दार उघडताच तिला चंदनाचा वास आला. आत उदबत्ती नव्हती, देव नव्हता, भिंती उघड्या होत्या.

“शेकभाऊजी, उदबत्ती कुठे लावली?”

“तुम्हालाही येतो वास?” शेक मटकन खाटेवर बसला. “मला वाटायचं, माझंच डोकं फिरलंय. प्रतिपदा आणि पौर्णिमा, वहिनी. मकाउतही यायचा. डॉक्टर म्हणाले, नाकाचा दोष. त्या दिवशी मला भूकच लागत नाही. तोंडात खाऱ्या माशाची चव असते, आणि मला खारा मासा मुळीच आवडत नाही हो.”

तिने सगळं सांगितलं. बराच वेळ तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला, हे हात नक्की आपलेच ना, अशा नजरेने.

“आदल्या दिवशी मी फोटो बदलला,” तो शेवटी म्हणाला. “त्याच्यामागे तुम्ही होतात, माझ्यामागे रडायला कोण होतं? तुम्ही मागे रक्त कालवण्यात गुंतलेल्या, केस आमचे एका न्हाव्याचे, धुरात कोणाला कळणार. त्याचा फोटो त्याला परत दिला. तो खिशात घालून हसला, म्हणाला हिंगला सांगू नकोस, घाबरेल. मग बोट गेली. मी माझं नाव पुढे केलं तरी यमाने नेलं त्यालाच. ते तोंड घेऊन तुमच्याकडे कसा येणार होतो? म्हणून मकाउ गाठलं.”

“म्हणजे तो सत्तावीस वर्षं उपाशी आहे,” साउ-हिंग म्हणाली. मग तिला रडू कोसळलं. शेकने तिला रडू दिलं.

थोड्या वेळाने त्याने खाटेखालून कागद काढला, पेन्सिल तासली. “माझा हात अजून चालतो. त्याचा चेहरा मला पाठ आहे. रोज डोळ्यांसमोर असतो.”

ती बाजूला बसून राहिली. त्याने आधी जबडा काढला, मग जाड ओठ, मग डावीकडे किंचित कललेलं नाक. तासाभरात कागदावर एक माणूस उभा राहिला. खट्याळ डोळ्यांचा, काहीतरी चावट बोलण्याच्या बेतात असलेला.

“घ्या वहिनी. तुमचा शिंग.”

साउ-हिंगने कागद खिडकीच्या उजेडात धरला. डोळे मिटून आठवून पाहिलं. शिंगचे खांदे आठवले, अंगठ्याचं फुटकं नख आठवलं, लाकडाच्या भुशाचा वास आठवला, पण मानेवर यायचा तो पातळ ओठांचा, रुंद कपाळाचा चेहरा. इतकी वर्षं त्या करड्या उजेडाकडे टक लावून तिने तोच गिरवला होता. डोळे उघडून तिने पुन्हा कागदाकडे पाहिलं. या माणसाला तिने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

“खरं सांगा भाऊजी, असाच होता?”

“अगदी असाच. शप्पत. तुम्हाला ओळखू येत नाही?”

“येतं की,” ती म्हणाली.

मठ बंद व्हायच्या आत ती डोंगर चढून गेली. कारकुनाने चित्र उलटसुलट करून पाहिलं, छान आहे म्हणाला, आणि अर्ज पुढे ओढला. “तुमचे कोण?”

“नवरा,” साउ-हिंग म्हणाली, आणि परक्या पुरुषाला नवरा म्हटल्यासारखी लाजेने तिची मान खाली गेली.