कान

माझा मुलगा मला ताई म्हणायचा. त्यात त्याची चूक नव्हती. बंगळूरला आम्हा दोघांनाही शिफ्टची नोकरी, लेकराकडे बघायला कोणी नाही, म्हणून तो वर्षाचा झाल्यावर मी त्याला रिठदला माझ्या आईजवळ ठेवलं. मी आईला माय म्हणते, म्हणून त्याने तिला माय केलं. धाकटा भाऊ मला ताई म्हणतो, म्हणून मी ताई. व्हिडिओ कॉलवर तो मला 'ताई, टाटा' म्हणायचा आणि घरातले सगळे हसायचे. मीही हसायची आणि फोन ठेवून रडायची.

सात महिन्यांनी पाळणाघराची सोय झाली आणि मी त्याला न्यायला आले. तो ओळखीने हसला, बिस्कीट घेतलं, पण मांडीवर बसेना. चार दिवस मी नाना तऱ्हा केल्या. पाचव्या दिवशी आमचं नागपूरहून विमान होतं. त्याचं पहिलं, आणि लेकरू घेऊन एकटीने प्रवास करायची माझीही पहिलीच वेळ. ज्या मुलाला मी नकोच होते, त्याला घेऊन दोन तास आभाळात बसायचं होतं. तो तिथे माझा झाला नाही तर कधीच होणार नाही, असं काहीतरी वेडगळ माझ्या मनाने घेतलं होतं.

निघताना मायने सूचनांचा पाऊस पाडला. वरणात तूप किती, पाणी कोमट किती, अंगाला कोणतं तेल. कारंजा येईपर्यंत तिचे तीन फोन आले. तिसऱ्याला मी जरा तुसडेपणानेच म्हटलं, "माय, माहंच लेकरू हाये थे."

विमानतळावर भाऊ बाहेरूनच परतला. आत तपासणीत आमची पिशवी अडली. "मॅडम, इसमें चाकू है," वर्दीतली बाई म्हणाली. मी हसलेच. तिने पिशवीतून लेकराची गोधडी काढली, कोपरा चाचपला, शिवण उसवली, आणि आतून अर्ध्या वितीची जुनी लोखंडी सुरी निघाली. आमच्याकडे तान्ह्या लेकराच्या उशाशी लोखंड ठेवतात, झोपेत दचकू नये म्हणून. मायने प्रवासासाठी ते शिवूनच दिलं होतं. मागच्या रांगेतले लोक माझ्याकडे असे पाहू लागले की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुरी तिथेच ठेवून घेतली आणि मला सोडलं. मी तडक फोन लावला.

"अवं माय, चाकू काहून शिवला गोधडीत?"

"चाकू कायचा? बोथी सुरी हाये. नेली का त्यायनं?"

"नेली."

मग तिचा आवाज बदलला. "मंग त्याले तुहा कान दे."

"काय?"

"कान धरल्याबिगर झोप येत नाही त्याले. रोज माहा कान धरून झोपते थो."

"हे पयले काहून नाही सांगतलं?"

"याद नाही राह्यली," ती म्हणाली. तुपाचे थेंब मोजून सांगणारी बाई हे विसरली, यावर माझा विश्वास बसला नाही. तेवढं एक तिने स्वतःजवळ ठेवलं होतं. रागवायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

विमान वर चढू लागलं तसा त्याने "माय, माय" म्हणून टाहो फोडला. विमानात बसलं की प्रत्येक माणूस बालरोगतज्ज्ञ होतो. कोणी म्हणे दूध पाजा, कोणी म्हणे उभं धरा. मी कानातलं काढून पर्समध्ये टाकलं, त्याचा हात उचलून माझ्या कानावर ठेवला. त्याने पाळी चाचपली. मायच्या कानाचं भोक ओघळून लांब झालेलं, माझं इवलंसं. हा तो कान नव्हे, हे त्याला लगेच कळलं आणि तो दुप्पट रडला. मी हात पुन्हा ठेवला. त्याने काढला. मी पुन्हा ठेवला. किती वेळा, ते आठवत नाही. शेवटी हुंदके देत देत त्याने पाळी चिमटीत धरली आणि माझ्या गळ्यात तोंड खुपसून झोपला. खाली ढग होते म्हणतात. मला मान वळवता आली नाही, आणि वळवायचीही नव्हती.

बंगळूरला उतरल्यावर सामानाची वाट पाहत मी मायला फोन केला. तो खांद्यावर गाढ झोपला होता, चिमूट तशीच होती, नखं रुतून माझा कान चुरचुरत होता.

"झोपला का थो?"

"झोपला."

"कान धरला?"

तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"नाही व माय. माहा कान झटकून देल्ला त्यानं. तुह्याच नावानं रडून रडून झोपला."

"झटकला?" तिने विचारलं. मग पुन्हा विचारलं, "झटकला का व?" या वेळी तिला हसू येत होतं आणि रडूही.

"हो माय," मी म्हटलं, "झटकला."