टेबल मेलं नाही

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, पणजोबाही टीव्हीवरच्या वकिलांसारखे कोर्टात गरजायचे का. मी नुसतं "नाही" म्हटलं. आता माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं आहे, म्हणून त्याआधीच नीट लिहून ठेवते.

माझे वडील नंदुरबारला वकिली करत. त्यांचा आवाज इतका हळू, की आई म्हणे, "कढीत मीठ कमी पडलं, तरी हे अर्ज करतील."

मी इंग्रजी चौथीत, म्हणजे तुमच्या आठवीत, असताना म्हसावदची एक बाई आमच्याकडे आली. तिचा नवरा सुपं-टोपल्या विणायचा. बाजारात भांडण झालं, त्यानं एकाला काठी मारली आणि चार-पाच दिवसांनी तो माणूस तापानं गेला. नवऱ्यानं मॅजिस्ट्रेटपुढं अहिराणीत कबूल केलं, "मी मारं." मारं म्हणजे मारलं, एवढंच. जीव घेतला असता तर तो "मारी टाकं" म्हणाला असता. पण जबाब लिहिणाऱ्या कारकुनानं शाळेतल्या मराठीत लिहिलं, "मी त्याला ठार मारले." खाली याचा अंगठा.

बाईनं प्रकाशा गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा पाहिला होता.

"त्यामा वकील कसा गरजना, टेबलवर हात मारा, जज रडाले लागना. तुम्ही काबर हळू बोलतस, भाऊसाहेब?"

"त्या वकिलाचं सगळं आधीच लिहिलेलं असतं, बाई," वडील म्हणाले. "माझंही आहे. पण ते दुसऱ्यानं लिहिलंय."

खटला धुळ्याला चालला. सुटीत मी तिथं आजोळी होते. वडिलांनी मला मागच्या बाकावर बसवलं, शेजारी ती बाई. वडील त्या एका शब्दावर बोलत राहिले. कारकुनानं साक्षीत सांगितलं, "जे ऐकलं तेच लिहिलं." न्यायाधीश घड्याळाकडे पाहू लागले. बाई वडिलांना दिसेल अशा बेतानं मांडीवर पंजा आपटून दाखवत होती. वडिलांनी दोनदा मागं पाहून तिच्यावरून नजर वळवली. मग एकदम त्यांनी टेबलावर हात मारला.

"साहेब, मी आत्ता टेबलाला मारलं. टेबल मेलं नाही."

सगळे हसले. न्यायाधीशही हसले, आणि म्हणाले, "पण वकीलसाहेब, टेबलानं अंगठा दिलेला नाही."

सिनेमा असता तर ते हसले तिथंच संपला असता. व्हरांड्यात बाईनं वडिलांचा हात धरला.

"जज हासना! सुटना ना मन्हा धनी?"

"अजून निकाल व्हायचाय," वडील म्हणाले. खटला हातचा गेल्याचं त्यांना कळून चुकलं होतं, हे मला त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी जन्मठेप झाली. वडिलांनी मुंबईला अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. बाई पुढं कितीतरी आठवडी बाजारांना आमच्या ओट्यावर येऊन बसे.

"भाऊसाहेब, आखो एकदा टेबलले मारशात का?"

वडील आत वळून तिच्यासाठी चहा टाकायला सांगत. दुसरं काय करणार? तिचा नवरा तुरुंगातच वारला. ती बातमी आल्यावर ती यायची थांबली.

पहिल्या दिवशी तिनं नवऱ्याच्या हातचं एक सूप आणलं होतं. ते माझ्याकडे आहे. एक कड उसवली आहे, पण तांदूळ अजून त्यातच पाखडते.