लोह्याच्या अलीकडे

भोकरहून फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. आत्याचं काही खरं नाही, भेटायचं तर आजच या, असा निरोप होता. मी लातूरहून औशाला पोचले तर माझे वडील, बापू, अंगात धुवट सदरा घालून, काठी धरून दारातच बसलेले. त्यांनी उभा जन्म एस.टी. चालवली. औसा-लातूर-नांदेडचा रस्ता त्यांना हाताच्या रेषांसारखा पाठ.

"काढ गाडी," एवढंच म्हणाले.

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना बसच्या पायऱ्या चढता येत नव्हत्या. राहिली माझी इलेक्ट्रिक गाडी, वर्षापूर्वी सेकंडहँड घेतलेली. कॉलेज, बाजार आणि औसा, एवढंच तिला माहीत. उन्हाळ्यात एसी लावला की ती एका चार्जिंगमध्ये जेमतेम दीडशे किलोमीटर जायची. भोकर दोनशेच्या पुढे. पण मोबाईलवर वाटेत दोन चार्जिंग स्टेशनं दिसत होती, एक अहमदपूर ओलांडल्यावर, दुसरं लोह्याच्या अलीकडे. दोन्हींवर हिरवं टिंब. हिरवं म्हणजे चालू, असं मला वाटत होतं.

एप्रिल संपत आला होता. दहालाच डांबर पाण्यासारखं चमकत होतं. बापू शेजारी ताठ बसलेले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हिला आवाजच न्हाई गं. गाडी आवाज बदलते तवा डायवरला कळतं, काहीतरी बिघडून राहिलंय. हिचं कसं कळायचं?"

"समोर आकडा दिसतो ना, बापू."

त्यांनी आकड्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

अहमदपूरच्या पुढचं स्टेशन पेट्रोलपंपाच्या एका कोपऱ्यात होतं. मशीनचा पडदा काळा. जाड वायर जमिनीवर पडलेली, तिच्यावर धुळीचा थर. पंपावरचा माणूस सावलीतूनच ओरडला, "मॅडम, आठ दिस झाले बंद हाय ते!"

"मोबाईलवर तर चालू दाखवतंय."

"ते तसंच दाखवतंय. रोज दोन-तीन गाड्या येऊन माघारी जातेत."

एक्केचाळीस टक्के उरले होते. परत अहमदपूरला जाऊन कुणाच्या घरी साध्या प्लगला लावली असती तर संध्याकाळ झाली असती. भोकरहून पुन्हा फोन आला, "निघालात ना?" मी म्हटलं, निघालो, वाटेत आहोत. आणि चार्जिंग पुरावं म्हणून माझ्या हातानं एसी बंद केला.

"असू दे," बापू म्हणाले. "आम्ही काय एसीत गाडी चालवली का?"

काचा उघडल्या तर भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा आत आला. म्हणून त्या निम्म्या लावल्या. बापू रस्त्यावरची गावं हळू आवाजात म्हणत होते, एक गेलं की पुढचं. मग थांबले. मला वाटलं, डुलकी लागली. रस्त्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. टायरचा सूंऽऽ असा आवाज तेवढा येत होता.

दुसरं स्टेशन एका हॉटेलच्या आवारात होतं. मशीन नवीकोरी, वर पत्र्याचं शेड. शेडखाली अगोदरच एक गाडी उभी होती आणि एक नवरा-बायको कट्ट्यावर बसलेले. त्यांचे चेहरे पाहूनच कळलं.

"काल संध्याकाळी वादळ-वावधान सुटलं, तिकडं खांब पडलेत," तो म्हणाला. "आम्ही सकाळपासून बसलोय. मशीन चांगलीय, लाईटच नाही."

हॉटेलही बंदच होतं. मी बापूंना उतरवायला गेले. त्यांचा हात धरला तर तो तव्यासारखा तापलेला आणि कोरडा ठक्क. घामाचा एक थेंब नाही. मला आधी बरंच वाटलं, की घाम नाही म्हणजे फार उकडत नसेल. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "कंडक्टर, डबल बेल दे. माणसं चढली समदी."

"बापू, मी आहे."

"डबल दे म्हणतो ना! भोकरची माणसं हायती, ताटकळून राहिली."

कट्ट्यावरची बाई उठून उभी राहिली. "ऊन लागलंय त्यांना," ती म्हणाली. "थांबू नका."

तिच्या नवऱ्यानं ॲम्ब्युलन्सला फोन लावला. येते, पण वेळ लागेल, असं उत्तर आलं. त्यांच्या गाडीत काही शिल्लक नव्हतं. माझ्याकडे अकरा टक्के होते. लोह्याचा सरकारी दवाखाना दहा-बारा किलोमीटरवर. मी एसी फुल लावला, काचा लावल्या आणि निघाले.

आता आकडे एकेक उतरत नव्हते, उड्या मारत होते. नऊ, मग एकदम सहा. सहाला एसी आपोआप बंद पडला. चारला गाडी रांगायला लागली, कितीही पाय दाबला तरी बैलगाडीची चाल. बापू डोळे अर्धे मिटून अजूनही प्रवासी चढवत होते, आणि त्यांतली बरीच नावं गेलेल्या माणसांची होती. मी देवाचं नाव घेत नव्हते. मी फक्त आकडा वाचत होते. दोन. मग गाडी कडेला सरकली आणि थांबली. एवढ्या शांतपणे, की थांबलीय हे मला क्षणभर कळलंच नाही.

रस्त्यालगत एका शेतात हळद शिजवायचं काम चालू होतं. वाफेचा वास, आणि रानभर वाळत घातलेली पिवळी हळद. मी धावत गेले आणि काय बोलले ते मला आठवत नाही. शेताची मालकीण पन्नाशीची, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हातातलं घमेलं टाकलं.

"खाट आणा रे! बाभळीखाली टाका!"

चौघांनी बापूंना उचलून आणलं. मी तांब्या त्यांच्या तोंडाला लावणार, तर तिनं माझा हात धरला. "पाजू नका, शुद्धीत न्हाईत. ठसका लागंल. आधी आंग भिजवा." हौदाचं पाणी त्यांच्यावर घागरीनं ओतलं. तिनं दोरीवर वाळत घातलेलं आपलं लुगडं ओलं करून त्यांच्या छातीवर टाकलं, गोणपाटानं वारा घातला. मालक तोवर पिकअप घेऊन आला. ती पिकअपमध्ये मागे बसली, सबंध वाटभर बापूंच्या डोक्यावर पाणी धरत. मी त्यांचे पाय धरून बसले होते.

दवाखान्यात सलाईन लागलं, बर्फ आला. डॉक्टर म्हणाले, "अजून अर्धा तास गेला असता तर मी काही करू शकलो नसतो."

चारच्या सुमाराला बापूंनी डोळे उघडले. त्याच्या थोडं आधी भोकरहून फोन येऊन गेला होता. त्यांनी विचारलं, "पोचलो का?"

मी म्हटलं, "हो. आत्या झोपलीय."

माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात वाईट खोटं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना खरं सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. भिंतीकडे तोंड करून बराच वेळ पडून राहिले. त्यानंतर ते बरे झाले, जेवायला-फिरायला लागले, पण रस्ता मात्र विसरले. लातूर आधी की चाकूर, हे त्यांना आता सांगता येत नाही. विचारलं की ओशाळून हसतात.

यंदा त्या रस्त्यावर चार्जिंग स्टेशनं वाढलीत. मागच्या महिन्यात मी नांदेडला एकटी गेले, वाटेत काही अडलं नाही. येताना साडी घेऊन त्या हळदीच्या शेतावर थांबले. शेताच्या तोंडाशी खड्डे खणलेले, सिमेंटचा चौथरा तयार.

"इथंबी मशीन बसणार म्हणतेत," मालकीण म्हणाली. "मोठ्या मोठ्या गाड्या येणार. लाईट आमच्याच डीपीवरून, ह्या ट्रान्सफॉर्मरवरून, घेतील का काय, कुणी धड सांगंना. आत्ताच दिसाआड मोटर जळून राहिली. विहिरीत पाणी हाय, पण वर येईना."

हौदाच्या तळाला चिखल सुकून भेगा पडल्या होत्या. मी तिला विचारलं, तुम्ही लेखी काही दिलंय का? ती म्हणाली, "कुणाला द्यायचं, बाई?" मग मलाच समजवावं तशी म्हणाली, "पर बरंच हाय की. तुमच्यासारख्याची सोय होईल."

तिनं चहा ठेवला. आम्ही बाभळीखाली बसलो. चौथऱ्यातून वर आलेल्या सळ्यांवर ऊन तापत होतं.