तिसरा नकार

आमच्या सोल्बर्ग गावात 'नको' या शब्दाला पहिल्या दोन खेपांना काही किंमत नाही. कॉफी विचारली की आधी म्हणायचं, "नको नको, आत्ताच झाली." पुन्हा विचारली की म्हणायचं, "कशाला उगाच त्रास." तिसऱ्यांदा विचारली की मान जरा तिरकी करायची आणि म्हणायचं, "बरं, अगदी अर्धा कप." मग अख्खी किटली संपवलीत तरी कुणी मोजत नाही. पहिल्याच हाकेला 'हो' म्हणणारा माणूस हावरट, नाहीतर बाहेरगावचा. आणि तिसऱ्यांदाही 'नको' म्हणणारं माणूस मिनेसोटाच्या या कोपऱ्यात कुणी पाहिलेलंच नव्हतं. जोलीन टॉलेफसनने ते करून दाखवलं आणि पुढचा महिनाभर गावाला बोलायला दुसरा विषय लागला नाही.

जोलीन काही परकी नव्हे. इथेच जन्मली, इथेच वाढली, शाळेची बस चालवायची. नवरा कर्ट घरोघरी गॅसच्या टाक्या भरणाऱ्या ट्रकवर. मुलगी एकच, मेरन, पाच वर्षांची. गेल्या शरदात मेरनच्या पायांवर निळे डाग दिसायला लागले. पडली असेल, म्हणून आधी सगळ्यांनी सोडून दिलं. मग कळलं की रक्ताचा कॅन्सर आहे. तेव्हापासून पोर शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात, जोलीन तिच्या खाटेशेजारच्या आरामखुर्चीत, आणि कर्ट आठवडाभर ट्रकवर, शनिवार-रविवार हॉस्पिटलात. डॉक्टर म्हणाले होते की पोर बरी होण्यासारखी आहे, पण दम धरावा लागेल. दम धरणं जोलीनला जमत होतं. जमत नव्हतं ते गाव.

गाव म्हणजे मुख्यतः शेजारच्या लव्हॉन बियर्के. वय पासष्ट, चर्चच्या स्वयंपाकघराच्या सर्वेसर्वा. आमच्याकडे कुणाच्या घरी संकट आलं की हॉटडिश पोचवतात. खाली खिमा, त्यावर डब्यातलं मशरूमचं सूप, आणि वर बटाट्याचे गोळे शिपायांसारखे रांगेत. काचेच्या पसरट भांड्यात भाजायचं आणि भांड्याच्या बुडाला आपल्या नावाची चिकटपट्टी लावायची. लव्हॉननी शब्द टाकला आणि पहिल्याच आठवड्यात टॉलेफसनांचा फ्रीज भरला. मग फ्रीजर भरला. मग हार्डवेअरच्या दुकानातला गॉर्डी म्हणाला, "माझ्याकडे एक जुना फ्रीजर पडलाय, आणून टाकू?" जोलीन "नको" म्हणाली, "कशाला त्रास" म्हणाली. आता गॅरेजमध्ये फ्रीजर आहे आणि कर्टची गाडी बर्फात उभी असते.

बरं, भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हाही नियम. म्हणजे पोरीला सलाईनवर सोडून आठवड्यातून एकदा कपडे बदलायला घरी आलेली जोलीन काय करायची, तर दुसऱ्यांच्या भांड्यांतून परत पाठवायला केक भाजायची. एकदा ती ओव्हनसमोर जमिनीवर बसूनच राहिली.

"यांना कुणी सांगेल का, की मला मदत झेपत नाहीये," ती म्हणाली.

"त्यांचा हेतू चांगला असतो गं," कर्ट म्हणाला.

कर्टचं हे वाक्य ऐकलं की जोलीनच्या डोक्यात तिडीक जायची. हेतू वाईट असता तर निदान दार लावून घेता आलं असतं.

ख्रिसमसला मात्र कहर झाला. औषधांनी खाली गेलेल्या मेरनच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जरा वर आल्या आणि डॉक्टरांनी सणापुरतं घरी सोडलं. बजावून सांगितलं की गर्दी नको, सर्दीवालं कुणी नको, आणि जरा ताप दिसला तर तडक परत. त्याच संध्याकाळी चर्चची गाणारी मंडळी दारात. "आत नाही येत, दोनच गाणी." जोलीन म्हणाली, नको. म्हणाली, कशाला तुम्हाला थंडीत त्रास. तिसऱ्यांदा लव्हॉननी विचारलं आणि जोलीनच्या तोंडून निघून गेलं, "बरं, दारातूनच हं." दार उघडं राहिलं तर घरातली ऊब जाते, म्हणून मंडळी आत आली. सोफ्यावर बसली. कुणीतरी मेरनला मांडीवर घेतलं. दुसऱ्या दिवशी पोर तापाने फणफणली आणि ख्रिसमसच्या सकाळी हॉस्पिटलच्या खाटेवर बसून हिरवी जेली खात होती.

लव्हॉननी फोनवर विचारलं होतं, "आमच्यामुळे तर नाही ना झालं?"

"छे हो," जोलीन म्हणाली. "हॉस्पिटलातूनच आला असेल ताप."

तोंड असं गोड असल्यावर पुढचं सगळं ओघानेच आलं.

मार्चच्या सुरुवातीला डॉक्टर पुन्हा म्हणाले, शुक्रवारी न्या, सोमवारी आणा. मेरनने ते ऐकलं आणि नर्सला दोन गोष्टी सांगून टाकल्या. एक, तिला तिच्या स्वतःच्या पलंगावर झोपायचंय, जिथे मध्येच कुणी दिवा लावून रक्तदाब मोजायला दंड आवळत नाही. दोन, सलाईनच्या स्टँडला एकटं वाटेल, त्याच्याकडे लक्ष ठेवा. त्या स्टँडचं नाव तिने हॅरॉल्ड ठेवलं होतं. हॉस्पिटलात राहून मेरन फार रोखठोक झाली होती. "दुखणार आहे का? खोटं सांगू नकोस," असं ती मोठमोठ्या डॉक्टरांना विचारायची, आणि ते खरं सांगायचे. सोल्बर्गमध्ये इतकी सरळ उत्तरं एका आयुष्यात मिळत नाहीत.

जोलीनने बुधवारीच लव्हॉनना फोन लावला.

"या वेळी काही करू नका हं, लव्हॉन. तिला गर्दी चालत नाही."

"अगं पोरी, गर्दी कोण करतंय? आपलीच तर माणसं."

"नको, खरंच नको."

"बरं. मग फक्त आम्ही बायका येऊ? उभ्या उभ्या?"

जोलीनने डोळे मिटले. तिसरी खेप. "बघू," ती म्हणाली.

शुक्रवारी गाडीत तिने हे कर्टला सांगितलं. कर्टने गाडी हळू केली. "तू 'बघू' म्हणालीस?"

"हो."

"जोलीन, 'बघू' म्हणजे 'या' गं."

"मला माहितीये कर्ट. मी इथेच जन्मलेय."

वळणावरूनच दिसलं. टॉलेफसनांच्या घरापुढे गाड्यांची रांग. कठड्याला फुगे. पायऱ्यांवर बायका, हातांत काचेची भांडी, वर चकचकीत कागद. फक्त बायका असं ठरलं होतं म्हणून पुरुष अंगणात थांबले होते. गॉर्डी शिंकला आणि कुणी विचारण्याआधीच म्हणाला, "अ‍ॅलर्जी आहे." बर्फात, मार्चमध्ये.

मागच्या सीटवर मेरनने तोंडावरचा मास्क खाली ओढला. "आई, हे सगळे आपल्याकडे आलेत?"

"मास्क वर कर. हो."

"म्हणजे मी उद्या परत जाणार?"

पोर रडत नव्हती. हवामान विचारावं तसं विचारत होती. जोलीनने कर्टला गाडी रस्त्यातच थांबवायला लावली. "काचा बंद ठेव," म्हणाली आणि उतरली.

लव्हॉन पायऱ्या उतरून पुढे आल्या. "आलात बाई एकदाचे. चल, गरमच आहे सगळं."

"नको, लव्हॉन."

"अगं, घासभर."

"नको. तुम्ही सगळे घरी जा."

यावर दोघी-चौघी कौतुकाने हसल्या. किती संकोची पोरगी, आजारपणातही रीत सोडली नाही. लव्हॉननी मान तिरकी केली, जशी करायची असते, आणि तिसऱ्यांदा विचारलं, "बरं, निदान पोरीला लांबून बघू? पाचच मिनिटं?"

"नाही," जोलीन म्हणाली.

अंगणात कुणी हललं नाही. आडमुठेपणाने नव्हे, तिसऱ्या नकारानंतर काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यापुढे आमच्याकडे रस्ताच नाही.

"नाही म्हणजे..." लव्हॉन म्हणाल्या, "आत्ता नाही का?"

"आत्ता नाही, उद्या नाही, परवा नाही. ख्रिसमसला तुम्ही आलात आणि तिला ताप आला."

"तू तर म्हणालीस हॉस्पिटलातून आला."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले. आता वाटू दे. मला तिला तीन रात्री तिच्या पलंगावर झोपवायचंय. बाकी मला काही नकोय. खिमा नको, फुगे नकोत, फ्रीजरसुद्धा नकोय मला, गॉर्डी."

"तो तर चांगला चालतो," गॉर्डी पुटपुटला.

मग मंडळी निघाली. पण भरलेलं भांडं घेऊन घरी परतायची कुणाला सवय? काहीजणी ते लपवत होत्या, चोरीचा माल असावा तसं. गॉर्डीने फुगे आपल्या पिकअपमध्ये कोंबले, दार लागेना, दोन फुटले. लव्हॉन सर्वांत शेवटी गेल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

शनिवारी मेरन स्वतःच्या पलंगावर उठली, स्वयंपाकघरातल्या स्वतःच्या खुर्चीवर बसून टोस्ट खाल्ला आणि काखेत थर्मामीटर लावून घेतला. ताप नव्हता. फोन वाजला नाही. दारावर थाप पडली नाही. दुपारपर्यंत जोलीनला ती शांतता टोचायला लागली.

"संपलं," ती कर्टला म्हणाली. "आता या गावात माझ्या बसमध्ये कुणी पोर चढवणार नाही."

"त्यांचा हेतू..."

"कर्ट, दूध आण जा."

कर्ट गेला. बऱ्याच वेळाने त्याचा फोन आला, घरासमोरच्या रस्त्यावरून.

"त्या मला आत सोडत नाहीयेत."

"कोण?"

"खिडकीतून बघ."

जोलीनने पडदा सरकवला. तिच्याच अंगणाच्या तोंडाशी, बर्फात, घडीच्या खुर्चीवर लव्हॉन बसल्या होत्या. पायांत बर्फाचे बूट, मांडीवर रजई, शेजारी थर्मास. त्यांच्यासमोर कर्ट दुधाचा कॅन धरून उभा.

"म्हणतात, दुकानात गॉर्डीशी बोललास का. बोललो म्हटलं. तर म्हणतात, गॉर्डी शिंकतो."

"मग सांग त्यांना तीनदा, की तुझंच घर आहे."

"सांगितलं. त्या चौथ्यांदाही नाहीच म्हणतात. जोलीन, त्यांना ते आवडायला लागलंय."

खरंच आवडायला लागलं होतं. सकाळपासून त्यांनी पाद्रीसाहेबांना परतवलं होतं, बायबलसकट. कर्टची आई चाळीस मैलांवरून नातीला बघायला आली होती, तिलाही वळवलं, आणि वर तिला सांगितलं की घशात खरखर ऐकू येतेय. पासष्ट वर्षं 'नको नको, बरं अर्धा कप' करत आलेल्या बाईच्या हाती 'नाही' हा नवाच शब्द लागला होता. लहान पोराला शिट्टी मिळावी तसं चाललं होतं.

जोलीन दारात आली. "लव्हॉन, त्याला आत सोडा. दूध पाहिजे."

"हात धुवायला लाव त्याला. कोट बाहेर ठेवू दे."

"लावते."

"आणि तू दार लाव, वारं जातंय आत."

जोलीनने दार लावलं आणि दारालाच डोकं टेकून उभी राहिली. आधी या बाईला घराबाहेर ठेवायचा ताप होता, आता तिच्याकडे घरात शिरायची परवानगी मागायची होती. सासूला फोन करून समजावण्यात तिची शनिवारची संध्याकाळ गेली. रविवारी लव्हॉन पुन्हा हजर, या वेळी खुर्चीखाली पुठ्ठा घालून.

सोमवार उजाडला. ताप नाही. तीन रात्री पुऱ्या झाल्या. जोलीनने मेरनला गाडीत बसवलं, कर्टने काचा पुसल्या. लव्हॉननी खुर्ची घडी केली आणि लांबूनच, हातमोजा घातलेल्या हाताने, एक डबा पुढे केला. लिंबाच्या वड्या. जोलीनला त्या लहानपणापासून आवडतात हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. आरामखुर्चीतल्या रात्रींसाठी तेवढ्याच तिला हव्या होत्या.

"वाटेत होतील तुला."

"नको हो, लव्हॉन."

"घे की."

"कशाला उगाच त्रास."

"बरं," लव्हॉन म्हणाल्या आणि डबा परत काखेत धरला.

जोलीन बघतच राहिली. "तिसऱ्यांदा नाही विचारणार?"

"नाही. तिसऱ्यांदा तू काय म्हणतेस ते मी सगळ्या गावासमोर ऐकलंय." लव्हॉनच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. आता ही शिक्षा होती की शहाणपण, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

कर्टने गाडी सुरू केली. जोलीन दोन पावलं गाडीकडे गेली, थांबली, परत आली, आणि सोल्बर्गमध्ये जन्मलेल्या बाईने उघड्या रस्त्यावर करू नये ते केलं. हात पुढे केला. "द्या इकडे तो डबा. सगळा."

लव्हॉननी दिला. "भांडं रिकामं आणलंस तरी चालेल," त्या म्हणाल्या.

हमरस्ता लागायच्या आत जोलीनच्या तीन वड्या खाऊन झाल्या होत्या.

"मागून घेतलास?" कर्टने विचारलं.

"गाडी चालव."

"आई, मला एक," मागून मेरन म्हणाली.

"तुला बाहेरचं चालत नाही ना राणी."

"अर्धी?"

"नाही."

मेरनने जरा विचार केला. पोर हॉस्पिटलात शिकलेली, वाद कुठे घालायचा ते तिला बरोबर कळतं. "मग पुढच्या वेळी घरी येईन तेव्हा," ती म्हणाली. "तेव्हा तू घरीच कर. येणार ना मी?"

आणि जोलीनने पहिल्याच खेपेला, तोंडात वडी असतानाच, 'हो' म्हटलं.