विजूच्या जास्वंदीचे चोर

विजू गेल्याची बातमी मला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली, आणि ती टाकली होती बी विंगमधल्या शैलाने. खरं सांगायचं तर रडू नंतर आलं, आधी शैलाचा राग आला. विजूची सगळ्यात जवळची मैत्रीण मी. तिच्या दारासमोर माझं दार. आणि हॉस्पिटलमधून तिच्या मुलीचा पहिला फोन जातो कुणाला, तर शैलाला! महिना उलटून गेला तरी तो सल गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. लिहीनही. पण माझी जळजळ वगळून विजूबद्दल लिहायचं ठरवलं, तर माझ्याकडे फारसं काही उरणार नाही...

मुलुंडच्या या इमारतीत आम्ही दोघी एकाच वर्षी राहायला आलो. दोघी नोकरीवाल्या, दोघींच्या पदरात लहान मुलं, त्यामुळे वाटीभर साखरेपासून सुरू झालेली ओळख लवकरच ‘अगं तुगं’वर आली. फरक एवढाच की तिची खिडकी पूर्वेची आणि माझी उत्तरेची. एका मे महिन्यात ती कणकवलीकडच्या माहेराहून एक जास्वंद घेऊन आली. नेहमीची लाल नव्हे. पाकळ्यांवर पाकळ्या असलेली, पिकल्या आंब्याच्या रंगाची, आत गडद तांबडी. ग्रिलमधली ती कुंडी अशी फोफावली की खालून जाणारी माणसं मान वर करून बघायची. विजू तिची सरबराई करायची ती जावयाची करावी तशी. चहाचा चोथा धुऊन, वाळवून घालायची, कांद्याच्या सालींचं पाणी मुरवून ठेवायची, पांढरी कीड दिसली की जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून एकेक फांदी घासायची. रविवारी मी गप्पा मारायला गेले तरी तिचं निम्मं लक्ष पानांच्या पाठीकडे असायचं. मला तिच्या झाडाचा हेवा वाटायचाच, पण झाडाला मिळणाऱ्या तिच्या वेळाचाही वाटायचा.

शेवटी एका पावसाळ्यात मी तिच्याकडे फांदी मागितली.

“देणार नाय,” ती म्हणाली.

“अगं, एक फांदी! झाड काय झिजणार आहे का?”

“मागून दिलेली लागाची नाय गो. चोरून नेलेली लागता.”

“आता तुझ्यासमोर कशी चोरू?”

“मी चाय टाकतंय. माका काय दिसणा नाय.”

आणि ती खरंच आत गेली आणि उगाच कपबश्या वाजवत राहिली. मी तिच्याच कात्रीने फांदी कापली, ओढणीखाली लपवली आणि साळसूदपणे खुर्चीत येऊन बसले. चहा पिताना दोघींचे चेहरे गंभीर होते. दारापर्यंत आल्यावर मात्र दोघींना असं हसू फुटलं की शेजारचे बाहेर डोकावले.

ती फांदी लागली नाही. काही दिवसांत खालून काळी पडली. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गेले, पुन्हा तिने चहा टाकला, मी पुन्हा चांगली हिरवीगार, रसरशीत फांदी बघून कापली, आणि तीही गेली. मग ते दर वर्षाचंच झालं. मी उत्तरेच्या खिडकीला दोष दिला, मातीला दिला, स्वतःच्या हाताला दिला. विजू विचारायची, “मारलंस परत? ये पुढच्या पावसात.” तिच्या ग्रिलमध्ये फुलं मावत नव्हती आणि माझ्याकडे नुसती काडी. जीव जळायचा माझा. तरी एका गोष्टीचा मला आतून गर्व होता. ही चोरी, हा चहा, हे खोटं खोटं न बघणं, हा आमच्या दोघींचा सण होता. नवऱ्यालासुद्धा मी त्यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

विजू हॉस्पिटलमध्ये गेली तेव्हा घराची किल्ली राहिली शैलाकडे. शैला रोज जास्वंदीला पाणी घालायची. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनाही विजूचा लळा, त्याही किल्ली मागून घालून यायच्या. मग मी का मागे राहू? मीही जायची, आणि शैलापेक्षा मोठा तांब्या घेऊन जायची. प्रत्येकीला वाटत होतं, झाड आपल्यामुळे टिकलंय. मुळं कुजली हे कळेपर्यंत पानं पिवळी पडून गळायला लागली होती. विजूच्या आधी चार दिवस तिचं झाड गेलं, आणि तिला ते कुणी सांगितलं नाही.

तेराव्याला सोसायटीतल्या बायका जमल्या. फोटोपुढे जास्वंदीची फुलं होती, तीच आंब्याच्या रंगाची. मी चमकले. झाड तर गेलेलं, मग फुलं कुणाची? शैला डोळे पुसत म्हणाली, “माझ्या खिडकीतली आहेत. चोरी केली होती ना मी विजूकडे! मला म्हणाली, मी चहा टाकते, मला काही दिसत नाही.”

“अय्या, मलापण तसंच!” काकू म्हणाल्या.

“आणि मला!”

एकेक करत सगळ्याच चोर निघाल्या. सगळ्या हसत होत्या, रडत होत्या, आणि सगळ्यांच्या खिडक्यांत विजूची जास्वंद फुलत होती. वर शैला म्हणते कशी, “मला तर आधीच बजावलं होतं तिने. हिरवी, कोवळी घेऊ नको, कुजते. खालची भुरकट, जाड काडी काप.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शैलाला बजावलं? आणि मी इतकी वर्षं विजूच्या डोळ्यांदेखत कोवळ्या फांद्या नेऊन मारल्या, तेव्हा तिच्या तोंडात काय गूळ होता? मी उठून स्वयंपाकघरात गेले. विजूची मुलगी, अमृता, मागोमाग आली.

“मावशी, चिडलीस ना?”

“मला कधीच सांगितलं नाही गं तिने.”

“मी विचारलं होतं आईला. सगळ्यांना सांगतेस, मग मावशीला का नाही? तर म्हणाली, तिची लागली तर ती परत कशाला येईल? बाकीच्या एकदाच येऊन गेल्या.”

मला यंदाचा श्रावण आठवला. हॉस्पिटलच्या आधीचा आठवडा. मी नेहमीसारखी कात्री घेतली, पण विजू चहा टाकायला उठली नाही. खिडकीपाशी खुर्चीतच बसून राहिली. दमली असेल, असं मला वाटलं. मी कोवळ्या शेंड्याला हात घातला तेव्हा तिने माझं मनगट धरलं. “ती नको. ती खालची घे, भुरकट.”

“अगं, मग ही चोरी कसली?”

“आता घेऊन टाक गो,” ती म्हणाली.

मला थोडा रागच आला होता तिचा. एवढ्या वर्षांचा खेळ मोडला म्हणून. फांदी घेऊन घरी आले आणि चहा माझा मीच करून प्यायले.

ती फांदी लागली आहे. उत्तरेच्याच खिडकीत, त्याच मातीत. गेल्या आठवड्यात तिला दोन पानं फुटली, आज चार आहेत. शैला आली होती, म्हणाली, “लागली बाई एकदाची तुझीपण!” मी हसले. म्हणजे आता मीही त्या सगळ्यांसारखीच, फांदी मिळाली आणि काम संपलं. रोज सकाळी मी कुंडीत बोट घालून ओल बघते, बेताने पाणी घालते, आणि मनात येतं, हीसुद्धा काळी पडावी... म्हणजे पुढच्या पावसात समोरचं दार वाजवता येईल.