कोपरच्या खाडीतले न उडणारे बगळे

आधी चहा घ्या, मग सांगतो. कारण माझी ही फजिती ऐकल्यावर तुम्ही मला पक्षी बघायला कधीच सोबत नेणार नाही.

मी इंजिनीअरिंगमध्ये पीएचडी करत होतो तेव्हाची गोष्ट. विषय काय, तर पाईपमधून वाहणारं पाणी. दिवसभर कॉम्प्युटरवर लाल-निळ्या रेषा बघत बसायचं. पण आमचं घर कोपरला, वरच्या मजल्यावर, आणि गॅलरीतून खाडी दिसते. सकाळी पाण्यावर धुकं, पलीकडे खारफुटीची झाडी, आणि त्या झाडीवर पांढरे बगळे. एकदम शांत. वारा आला की पंख जरासे फुलवायचे, परत मिटायचे. हातातला चहा निवून जायचा, तरी माझी नजर हटायची नाही. वाटायचं, जगावं तर असं. पाईप गेले खड्ड्यात, आपण खाडीवर संशोधन करायचं.

म्हणून ठाण्याच्या एका पर्यावरण संस्थेत इंटरव्ह्यूला गेलेलो. समोर तिथल्या प्रमुख मॅडम, सगळं आयुष्य पक्ष्यांमध्ये घालवलेल्या. इंजिनीअर माणूस इकडे कसा, असं त्यांनी विचारलं आणि झालं, मी बगळ्यांवर सुरू झालो.

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. भरती आली की ते कुठे जातात? मी म्हटलं, कुठेच नाही. मग खायला? जाताना कधी पाहिलं नाही. आता इथे तरी माणसाने गप्प बसावं की नाही? मी आपणहून सांगितलं की संख्या वाढतेय, म्हणजे पिल्लं झाली असणार.

असं आपण कधी ऐकलं नाही, मॅडम म्हणाल्या. रविवारी स्वतः बघायला येते.

घरी हे सांगितलं मात्र, आईने साबुदाणा भिजत घातला आणि बाबांनी अख्ख्या सोसायटीला कळवलं. रविवारी आमच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे कुजबुजत होते, बगळे घाबरतील म्हणून.

मॅडमनी दुर्बीण लावली. बराच वेळ डोळ्यांवरून काढलीच नाही. मला वाटलं, भारावल्या. मग त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली.

पहिल्या बगळ्याच्या पोटावर लिहिलेलं होतं, 'साड्यांचा भव्य सेल'. दुसऱ्याला धरायला दोन बंद होते. बाकीचा थवाही त्याच जातीचा. प्लॅस्टिकच्या पिशव्या, भरतीबरोबर येऊन फांद्यांना अडकलेल्या.

बाबा हळूच घरात गेले. मला वाटलं, संपलं आपलं संशोधन.

"तुमची निरीक्षणं मात्र बरोबर आहेत," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "खायला जात नाहीत, भरतीला हलत नाहीत आणि संख्या वाढतेय."

आणि खरं सांगतो, मला त्यांनी घेतलं. पक्ष्यांवर नाही, कचऱ्यावर. खाडीत तो कुठून वाहत येतो हे शोधायला त्यांना पाण्याचा प्रवाह समजणारा माणूस हवाच होता. अट एकच, रुजू व्हायच्या आधी डोळे तपासून यायचं.

तपासले. चांगला जाडजूड नंबर निघाला. नवा चष्मा लावून सकाळी गॅलरीत गेलो. धुकं विरत होतं, खाडी सोन्यासारखी चमकत होती आणि पिशव्या एकदाच्या पिशव्यांसारख्या दिसत होत्या. एवढ्यात त्यांतली एक मान लांब करून उठली, संथपणे पंख मारत पाण्यावरून गेली आणि पलीकडच्या झाडीत उतरली. खराखुरा बगळा. तसाच मॅडमना फोन लावून सगळं सांगितलं.

मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "वारा असेल."