पाळीतल्या बाटल्या

"थांबा मास्तर, तिले उठू द्या."

बैलगाडी थांबवावी तसा उजवा पंजा माझ्या तोंडासमोर उभा करून पाटील हे म्हणत, आणि माझा ग्लास तसाच हातात राही. ती म्हणजे बाटलीतली फ्रान्सची जुनी लाल वाइन. ती झोपलेली असते, बूच काढल्यावर हळूहळू जागी होते, अर्धवट झोपेत तिला तोंड लावू नये, असं पाटलांचं शास्त्र. ती जागी होईपर्यंत डुलक्या मला येत.

आमचं गाव सडक अर्जुनीच्या अलीकडे, तलावाखाली वसलेलं. मी शाळामास्तर. पाटील गावचे मालगुजार, तलाव बांधणाऱ्या कोहळी घराण्यातले. त्यांच्या आजोबांनी घातलेल्या पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, भरवशावर सारं गाव धान पिकवी. अशा माणसाला हे खूळ लागलं कुठून? दरेकशाला रेल्वेचा बोगदा झाला तेव्हाचा एक गोरा इंजिनियर पुढे तिकडेच बंगला बांधून राहिला होता. तरुणपणी पाटील त्याच्याबरोबर शिकारीला जात. विलायतेला कायमचं परतताना त्याने काही लाकडी पेट्या पाटलांच्या गाडीत चढवल्या आणि बजावलं, बाटल्या आडव्या ठेव, अंधारात ठेव, गारव्यात ठेव आणि घाई करू नकोस. देवाधर्माचे नियम पाटील सोयीने विसरत. साहेबाचा एकही विसरले नाहीत.

पण आमच्याकडे गारवा आणायचा कुठून? वैशाखात इथे माठातलं पाणीसुद्धा कोमट होतं. तर या गृहस्थाने चक्क तलावाच्या पाळीला, गावाच्या बाजूने, कोनाडा खोदला! पाळीच्या पोटातली माती उन्हाळाभर गार राहते हे कोहळ्याच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. आत दगड रचले, वाळू अंथरली, सागाचं दार बसवलं. खेकड्याचं बीळ दिसलं तरी धावत जाऊन माती ठासणारी ही माणसं, आणि मालकानेच पाळ पोखरलेली. तलावाचं पाणी वाटणारा म्हातारा सुकरू तोंडाचा फटकळ होता. "पाटील, आपल्याच आज्याच्या पोटात सुरी घातली तुमी," तो म्हणाला.

"कायले भेतेस गा? दगडं बसवले हायेत," पाटील म्हणाले, आणि विषय संपला.

चव घ्यायला साथीदार म्हणून त्यांनी मला धरलं, कारण मी शिकलेला. नाही म्हणायची सोय नव्हती, शाळा त्यांच्याच ओसरीवर भरे. सुट्टीच्या दिवशी बोलावणं येई. मेणबत्तीच्या उजेडात बाटलीचा गळा धरून ते थेंब थेंब ओतत. "गाळ हालवाचा नाही मास्तर, तलावाचा असो का बाटलीचा." मग वाट बघणं. मग ग्लास फिरवून वास घेणं. मग परीक्षा.

"काय वास येऊन राहिला?"

"चिंचेचा," मी म्हणे.

"नाही. नीट घ्या."

"जांभळाचा?"

"जांभूळ तिच्या जवानीत होतं. आता पाहा, वाळलेलं मोहफूल हाय. खाली ओला तेंदूपत्ता. अन् मांगून जुन्या पेटीतलं लुगडं."

मी नाक खुपसून खुपसून थकलो, मला त्या लुगड्याचा पदर कधी सापडला नाही. पहिला घोट तोंडात घोळवायचा, गिळायचा नाही, बोलायचंही नाही. कुंपणावरून बघणारा सुकरू हसे. "एवढ्या वेळात आमी मोहाची पिऊन, चढून, उतरून घरी गेलो असतो!" आतून पाटलीणबाई म्हणत, "त्या बाटल्यायले जेवढं जपता तेवढं पोरायले जपलं असतं तं!" तुम्हीच सांगा, यात त्या बाईचं काय चुकलं?

पण माझा खरा वैताग वेगळाच होता. कोनाड्याच्या अगदी तळाशी काळ्या लाखेने बूच बंद केलेली एक बाटली होती. ती सर्वांत थोर, असं साहेब सांगून गेला होता. दरवर्षी मी विचारी, "यंदा ती काढायची ना?" आणि दरवर्षी पंजा उभा राही. "घाई काऊन करता? पुढल्या साली." पाटलांचे केस पिकले, दात हलले, पण ती बाटली त्यांच्या लेखी कच्चीच राहिली.

त्या भादव्यात पावसाने झड लावली. तलाव काठोकाठ भरला. एका सकाळी आम्ही ओसरीवर एक बाटली उघडून ती जागी व्हायची वाट बघत होतो, तोच सुकरू ओरडत आला. "पाटील, तुमच्या दारातून पानी येऊन राहिलं! गढूळ येते, माती खाऊन राहिलं!"

गढूळ म्हटल्यावर पाटील अनवाणीच धावले. स्वच्छ पाणी पाझरलं तर पाळ घामेजली म्हणतात. गढूळ आलं तर ती आतून फुटते आहे. खाली धान पोटरीला आलेलं, त्याच्या खाली घरं. अर्ध्या गावाने टोपल्या, कुदळी आणल्या. सुकरू म्हणाला, कोनाडा चिकणमातीने ठासून भरावा लागेल, आत्ताच.

"पाटील, निदान काळ्या लाखेची तरी काढून घ्या," मी ओरडलो.

त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. मागचा दगड हलला आणि पाण्याची धार त्यांच्या छातीवर आली. त्यांनी हात बाहेर काढला, रिकामा.

"राहू द्या. ठासा माती," ते म्हणाले, आणि पहिली टोपली स्वतः ओतली. मग दिवसभर ते त्या मातीवर पाय आपटत होते. आपल्याच बाटल्यांवर. संध्याकाळी पाझर थांबला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं, त्यांच्या नव्हतं.

ओसरीवर सकाळची बाटली उघडीच होती. माझा घसा इतका कोरडा पडला होता की चिखलाच्या हातांनी मी ग्लास उचलला आणि पाण्यासारखा घटाघटा प्यालो. पंजा उभा राहिला नाही.

"काय वास आला?" पाटलांनी विचारलं.

"चिखलाचा," मी खरं ते सांगितलं.

"बरोबर," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पुढे पाटील गेले. पाळ खोदून त्या बाटल्या काढाव्यात असं काही जणांच्या मनात आलं, पण सुकरूने कुणाला कुदळ लावू दिली नाही. ते बरोबरच होतं. मी कधी कधी संध्याकाळी तिथे जाऊन बसतो. त्या जागी आता दाट गवत आहे. हात ठेवला की माती गार लागते, आणि माझं डोकं अजून तापतं. पाटील, ती आता नक्की उठली असेल हो. अंधारात उठून बसली असेल. आता तुम्हाला कुठून उठवून आणू?